पीएचडी झाली (जवळजवळ). पुढे काय?

साखरझोप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत. थीसिस जमा केलाय, रेफ्रींचे रिपोर्ट यायचेत, मग व्हायवा (तोंडी परीक्षा). वय ३१. पेपर चार, त्यातल्या दोनवर पहिलं नाव माझं. नेट-जेआरएफ (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा आणि तिच्यासोबतची संशोधन फेलोशिप) होतं. फेलोशिपची पाच वर्षं कधीच संपली, सध्या गाईडच्या प्रोजेक्टमधून जे मिळतं त्यावर चाललंय. नवरा हिंजवडीत आयटीत आहे. मूल नाही. घरच्यांच्या मते मुख्य प्रश्न तोच आहे, पण या धाग्याचा विषय तो नाही.

गाईड म्हणतात, परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) कर, त्याशिवाय इथे कुणी दारात उभं करत नाही. सासूबाई म्हणतात, सीनियर कॉलेजला लाग, पगार चांगला आणि मे महिना मोकळा. माझ्या आधी दोन वर्षं बाहेर पडलेली लॅबमेट हैदराबादला कंपनीत आहे. ती म्हणते, या दोघांचंही ऐकू नकोस.

मला बेंचवर, म्हणजे लॅबमध्ये स्वतःच्या हाताने, काम करायला आवडतं. शिकवायलाही आवडेल असं वाटतं, पण तसं कधी शिकवलेलं नाही. पोस्टडॉक केल्याने दारं उघडतात की बंद होतात? आणि आधी काय, नंतर काय, याचा काही क्रम असतो का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

उंटावरचा_शहाणा

अभिनंदन! आधी सगळे "संपलं का?" विचारायचे, आता "मग पुढे काय?" विचारतील. प्रश्न बदलला, ही प्रगतीच.

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न कुणी आणतंय का?

हायडलबर्गकर

गाईडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत स्वतःचा ग्रुप उभा करायचा असेल तर बाहेरचा अनुभव जवळपास गृहीत धरलेला असतो. जाहिरातीत लिहीत नाहीत, पण शॉर्टलिस्टमध्ये कोण आहे ते बघा म्हणजे कळेल.

उरलेलं अर्धं गाईड लोक सांगत नाहीत, कारण त्यांच्या वेळी परिस्थिती वेगळी होती. जर्मनीत येताना इथला कायदा समजून या. विद्यापीठात पीएचडीच्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं, एवढंच तात्पुरत्या करारावर ठेवता येतं. वैद्यकशास्त्रात नंतरची नऊ. मूल असेल तर प्रत्येकी दोन वर्षं वाढतात. त्यानंतर कायमची जागा, नाहीतर बाहेर. आणि कायमच्या जागा म्हणजे जवळजवळ प्रोफेसरच्याच. २०२१ मध्ये 'मी हाना' म्हणत इथल्या संशोधकांनी ट्विटरवर जो गदारोळ केला तो याच कायद्यावरून. शिक्षण खात्याने एक कार्टून फिल्म काढली होती, त्यातल्या हाना नावाच्या संशोधिकेच्या तोंडून हा कायदा किती छान आहे ते सांगितलं होतं. लोकांनी तेच नाव उचललं.

पगार वाईट नाही, टीव्ही-एल ई१३ या सरकारी वेतनश्रेणीत घर नीट चालतं. नवऱ्याला सोबतच्या व्हिसावर काम करता येतं. पण इथे येऊन तिथेच स्थिरावू असं मनात असेल तर विद्यापीठाच्या भरवशावर येऊ नका. दोन वर्षं या, चांगलं काम करा आणि पुढचा दरवाजा पहिल्या वर्षातच शोधायला लागा.

जर्मनीच्या हंबोल्ट फेलोशिपला अर्ज करायचा तर पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत करावा लागतो. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपला पीएचडीनंतर संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नको, शिवाय ज्या देशात जाणार तिथे अर्जाच्या मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे आधी जर्मनीत येऊन बसायचं आणि मग जर्मनीसाठीच मारी क्युरी मागायची, हे जमत नाही. हे खूप जणांना इथे आल्यावर कळतं.

अंकलेश्वरी

मी कंपनीवाला. आधी हैदराबादला सीआरओत (दुसऱ्या कंपन्यांना संशोधन करून देणाऱ्या कंपनीत), आता गुजरातेत प्लांटवर. मुलाखती घेतो म्हणून लिहितोय.

साखरझोप, तुमच्या लॅबमेटचं म्हणणं मला पटतं, पण ती एक गोष्ट सांगत नसणार. पीएचडी झालेली व्यक्ती जिथे लागते तिथे शेजारच्या फ्यूम हूडवर (धूर ओढून घेणाऱ्या प्रयोगाच्या कपाटावर) एमएस्सी होऊन सहा-सात वर्षं काम केलेला मुलगा असतो. हाताने तो तुमच्यापेक्षा वेगवान असतो. पद तुमचं त्याच्या बरोबरीचं किंवा वरचं. तो तुम्हाला पहिले सहा महिने बघून घेतो. हे पचवायची तयारी हवी.

मुलाखतीत मी पेपर मोजत नाही. थीसिसमधली एखादी स्टेप उचलतो आणि विचारतो, किती स्केलला केली? उत्तर बहुतेक वेळा "पन्नास मिलिग्रॅम" किंवा "एक ग्रॅम". ठीक आहे. मग विचारतो, हीच स्टेप शंभर लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये करायची आहे, मायनस ७८ डिग्रीला ब्युटाइल लिथियम घालायचंय, काय काय अडेल? आणि शेवटी कॉलम (नळीतून गाळून पदार्थ वेगळे करणं) करता येणार नाही, मग शुद्ध कसं करणार? इथे नव्वद टक्के लोक गप्प होतात. जो म्हणतो, "सर, आधी बघतो की मायनस वीसला चालतं का, आणि सॉल्ट करून क्रिस्टलाइज करता येईल का", तो माझा माणूस. उत्तर चुकलं तरी चालेल, विचार त्या दिशेला गेला पाहिजे. व्हायवाची वाट बघत बसला आहात तोवर स्वतःच्या थीसिसकडे या नजरेने एकदा बघा.

आणि पोस्टडॉक? दोन वर्षं असेल तर आम्ही अनुभव म्हणून धरतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर प्रश्न येतो की हा माणूस इंडस्ट्रीत मनापासून येतोय की दुसरं काही मिळालं नाही म्हणून. कठोर आहे, पण असं आहे.

हायडलबर्गकर

@अंकलेश्वरी, शेवटचा परिच्छेद भारतापुरता असेल. इकडे बीएएसएफ, बायर पोस्टडॉक झालेले लोक नियमित घेतात.

अंकलेश्वरी

घेतात ना. पण ती तिकडची पीएचडी, तिकडची भाषा. तुमच्या ओळखीत पुण्याची पीएचडी, तिकडे पोस्टडॉक आणि थेट तिकडच्या केमिकल कंपनीत, असे किती आहेत?

हायडलबर्गकर

दोन. दोघांचंही जर्मन बी२ होतं. मुद्दा मान्य.

तासिकावाला

सासूबाईंच्या मे महिन्याबद्दल लिहितो.

मी मराठवाड्यात सीएचबीवर शिकवतो. सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालेलं आहे, पीएचडी झालेली आहे. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, जेवढे तास तेवढे पैसे. पदवीच्या वर्गाला तासाचे नऊशे, तेही वाढून. त्यात तासांवर मर्यादा. नेमणूक जुलैत कधीतरी, एप्रिलला संपली. मे महिना मोकळा असतो हे खरंच आहे ताई, खिसाही मोकळा असतो. पुढच्या जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, तेच कॉलेज, तीच खुर्ची.

महिना संपला की तासांचा तक्ता भरायचा. तारीख, वर्ग, विषय, वेळ, सही. विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, मग बिल वर जातं. ज्या दिवशी कॉलेजला निवडणुकीची ट्रेनिंग किंवा युवा महोत्सव, त्या दिवसाचा तास गेला. परीक्षेच्या सुपरव्हिजनला मात्र आम्ही हमखास.

कायम जागा का मिळत नाहीत? २०१७ च्या मे महिन्यात शासनाने भरतीच थांबवली. पुढच्या वर्षी ३५८० जागांना मान्यता दिली. त्यातल्या काही भरल्या, मध्येच कोविड आला, पुन्हा बंदी. उरलेल्या २०८८ भरायची परवानगी आली तोवर २०२१ उजाडलं. आमच्यासोबतचे काही त्यात लागले, काहींचं वय उलटून गेलं, काहींनी किराणा दुकान टाकलं. त्यातला एक भूगोलाचा पीएचडी आहे, दुकान चांगलं चाललंय.

आणि खासगी संस्थेत जागा निघाली की मुलाखतीच्या आधी एक फोन येतो. "संस्थेसाठी तुम्ही काय करू शकाल?" शिकवू शकतो असं सांगितलं तर समोरचा हसतो. आकडा इथे लिहीत नाही, जमीन विकल्याशिवाय होत नाही एवढं समजा.

आम्हाला शिकवायला आवडतं म्हणून आम्ही आहोत. बीएस्सीच्या पोरांना एखादी गोष्ट कळली की त्यांच्या तोंडावर दिसतं, त्या दिवशी बिलाचं विसरायला होतं. पण कुणी "सीनियर कॉलेजला लाग" असं सहज म्हणालं की त्रास होतो.

साखरझोप

@तासिकावाला, सर, हे वाचून सासूबाईंना वाचायला दिलं. त्या शांत आहेत.

पुरणपोळी_विथ_आईस्क्रीम

तासिकावाला सर, दंडवत. माझे वडील याच चक्रातून गेले, फक्त तेव्हा 'लीव्ह व्हेकन्सी' म्हणायचे.

गृहस्थ_२

थोडं वेगळं मत. वय ३१ आहे, नवरा पुण्यात स्थिर आहे. सगळं जग फिरायला जाण्यापेक्षा आधी संसाराचं बघावं. करिअर काय, होत राहतं.

बोस्टनची_बाय

@गृहस्थ_२, धागाकर्तीने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की हा विषय नाही. हाच प्रश्न तिच्या नवऱ्याने विचारला असता तर हेच उत्तर दिलं असतंत का?

गृहस्थ_२

मी अनुभवाचं बोललो. रागावू नका. बाकी अमेरिकेला जाणार असाल तर लक्षात ठेवा, संशोधकांचा जे-१ व्हिसा घेतला की दोन वर्षं भारतात परत येऊन राहावंच लागतं.

संपादक

व्यक्तिगत शेरे नकोत. धागा उपयुक्त चालला आहे, तसाच चालू द्या.

बोस्टनची_बाय

जे-१ बद्दलची ही माहिती जुनी आहे. तो दोन वर्षांचा नियम बहुतेक भारतीयांना 'स्किल्स लिस्ट'मुळे (कुठल्या देशाला कुठली कौशल्यं परत हवीत त्या यादीमुळे) लागायचा. डिसेंबर २०२४ मध्ये ती यादी बदलली आणि भारत त्यातून निघाला. आता नियम लागतो तो मुख्यतः सरकारी पैशावर आलेल्यांना, म्हणजे फुलब्राइट वगैरे. जे-१ साठी मिळणाऱ्या डीएस-२०१९ फॉर्मवर काय लिहून आलंय ते स्वतः वाचायचं, एजंटचं ऐकायचं नाही.

आणखी एक, जे धागाकर्तीच्या कामाचं आहे. जे-१ वाल्यांच्या जोडीदाराला जे-२ वर कामाचा परवाना मागता येतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या जोडीदाराला एच-४ वर तो सहजासहजी मिळत नाही. नवरा आयटीत आहे म्हणून सांगतेय. परवाना यायला वेळ लागतो, तोवर घरात बसायची तयारी हवी.

पैशाचं: एनआयएचच्या (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या) २०२४ च्या तक्त्यात नव्या पोस्टडॉकचं वर्षाचं मानधन ६१,००८ डॉलर आहे. ऐकायला भरपूर वाटतं. इथे बोस्टनमध्ये एका बेडरूमचं भाडं हातात येणाऱ्यातला निम्मा भाग खातं. मिडवेस्टमध्ये त्याच पैशात राजासारखं राहता येतं, त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या नावासोबत गावही बघा.

वातावरण मात्र आता पूर्वीचं नाही. २०२५ मध्ये अनुदानांना कात्री लागली, कितीतरी प्रोफेसरांनी ऑफर मागे घेतल्या. सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची फी आली. पूर्वी युनिव्हर्सिट्या दोन वर्षं जे-१ आणि मग एच-१बी असं करायच्या, आता विचारलं की एचआरवाले विषय बदलतात. जायचं तर जा, पण "तिथे गेलं की बघू" हे आता चालत नाही.

मोडीमावशी

हा धागा फक्त फ्यूम हूडवाल्यांचा आहे का? इतिहासाच्या पीएचडीलाही थोडी जागा द्या.

माझा विषय अठराव्या शतकातल्या पेठा आणि त्यांचे महसूल. पुण्यात पेशवे दफ्तरात बसून वर्षं घालवली, त्यामुळे मोडी डोळ्यांखालून पाण्यासारखी जाते. थीसिसचं कौतुक झालं, नोकरी मिळाली नाही. मानव्यविद्यांत पोस्टडॉक म्हणजे आयसीएसएसआर, आयसीएचआर या समाजशास्त्र आणि इतिहासाच्या सरकारी संशोधन परिषदांच्या मोजक्या फेलोशिप. गाईडही सांगत नाहीत की परदेशी जा, कारण त्यांनाही माहीत असतं.

मग एका वकिलांनी एक कागद आणला. जुना खरेदीखताचा, मोडीत. कुळाचं नाव, गटाऐवजी जुनी नावं, चतुःसीमा, सगळं लावून दिलं. त्यांनी पैसे विचारले तेव्हा काय सांगावं कळेना. आज हे माझं काम आहे. पानाचा दर ठरलेला, प्रतिज्ञापत्रासह वेगळा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती आली, आणि ज्या मोडीला कुणी विचारत नव्हतं तिचे जाणकार जिल्ह्याजिल्ह्यात शोधायची वेळ आली. महिनाभर फोन बंद ठेवावा लागला.

माझं म्हणणं एवढंच की पीएचडीच्या विषयाला बाजार नसतो, पण तो विषय करताना हाताला जे लागतं त्याला कधीकधी असतो. साखरझोप, तुम्हाला थीसिस सोडून काय काय येतं ते लिहून काढा.

उंटावरचा_शहाणा

मावशी, आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद आहेत. खजिना असेल का?

मोडीमावशी

नव्वद टक्के वेळा सावकाराचं कर्ज निघतं. आणा, बघू.

चकलीचा_सोऱ्या

अवांतर होतंय, पण मोडी शिकायची असेल तर?

मोडीमावशी

पुराभिलेख विभाग वर्ग घेतं. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

दावा_क्रमांक_एक

आता पेटंटचं सांगतो, कारण हा पर्याय कुणीच मांडला नाही.

केमिस्ट्रीत पीएचडी, सध्या मुंबईत पेटंट फर्ममध्ये. पेटंट एजंट व्हायला कायद्याची पदवी लागत नाही. भारतीय नागरिकत्व, वय २१ पूर्ण, सायन्स किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि परीक्षा. दोन पेपर आणि व्हायवा. प्रत्येक पेपरात ५० टक्के, एकूण ६०. परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, त्यामुळे जाहिरात आली की सगळं बाजूला ठेवून भरायची.

काम कसं असतं? क्लायंटचा मसुदा येतो. त्यात उदाहरण सातमध्ये यील्ड ९८ टक्के लिहिलेला असतो आणि शुद्धीकरण 'कॉलम क्रोमॅटोग्राफी' एवढ्या दोन शब्दांत. ज्याने स्वतः कॉलम केलेत त्यालाच शंका येते. मग फोन, मग लॅब नोटबुकची पानं, मग खरा आकडा. औषधांच्या पेटंटमध्ये आपल्याकडे कलम ३(डी) आहे. जुन्याच रेणूचं नवं रूप असेल तर परिणामकारकता वाढल्याचं दाखवावं लागतं. २०१३ मध्ये नोवार्टिसच्या ग्लिवेकचा निकाल सुप्रीम कोर्टात याच मुद्द्यावर लागला. हे वाद लढायला ज्याला पॉलिमॉर्फ (एकाच रेणूची निरनिराळी स्फटिकरूपं) म्हणजे काय हे हाताने माहीत आहे असा माणूस लागतो. पुस्तकातून शिकलेला चालतो, पण लवकर थकतो.

बेंच सुटतं, हे मात्र आहे. पहिल्या वर्षी मला हाताला सॉल्व्हंटचा वास येत नाही याचंच वाईट वाटायचं. साखरझोप, तुम्हाला बेंच आवडतं म्हणालात, त्यामुळे आग्रह नाही. पण संसार, बदली, ब्रेक यातून जाणाऱ्या मुलींसाठी टायफॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची वर्षभराची पेटंट इंटर्नशिप आहे, पूर्वी किरण-आयपीआर म्हणायचे, आता वाइज-आयपीआर. माझ्या टीममधल्या दोन जणी तिथूनच आल्या.

साखरझोप

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

@अंकलेश्वरी, तुमचा प्रश्न वाचून थीसिस उघडला. तिसऱ्या चॅप्टरमध्ये खरंच मायनस ७८ आहे, आणि ते मायनस ७८ का, तर ज्या पेपरवरून घेतलं त्यात होतं म्हणून. कधी वर नेऊन बघितलंच नाही. लॅबमध्ये अजून प्रवेश आहे, पुढच्या आठवड्यात बघते.

@मोडीमावशी, यादी केली. एनएमआर (रेणूंची रचना तपासायच्या) मशीनची बुकिंग आणि बारीकसारीक दुरुस्ती तीन वर्षं मी बघत होते, हे मी कधी कौशल्य म्हणून धरलंच नव्हतं.

अजूनही एक गोष्ट सुटत नाहीये. सगळे पर्याय एकदम खुले ठेवता येतील का?

अंकलेश्वरी

एनएमआर स्वतः चालवता? हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं. सीव्हीत वर घ्या.

निवृत्त_मास्तर

मी प्राचार्यपदावरून निवृत्त झालो. निवड समित्यांवर बऱ्यापैकी बसलो आहे. इतका वेळ वाचत होतो, आता मूळ प्रश्नावर येतो, कारण क्रम कुठला हे मुलीने पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं आणि आपण सगळे देशोदेशी फिरून आलो.

क्रम घड्याळावरून ठरवावा. पीएचडीनंतर तुमच्यासाठी एक नाही, निरनिराळी घड्याळं चालू होतात. काही वयावर चालतात, काही पीएचडीच्या तारखेवर. जे आधी बंद पडणार त्याचा अर्ज आधी.

तुमच्याबाबतीत बघू. सीएसआयआरच्या (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) प्रयोगशाळांत सायंटिस्टच्या पदाला वयाची मर्यादा साधारण ३२. तुम्ही उंबऱ्यावर आहात, म्हणजे जाहिरात दिसली की त्याच दिवशी अर्ज. इन्स्पायर फॅकल्टी या केंद्राच्या फेलोशिपला सर्वसाधारण मर्यादा ३२, पण महिलांना ३७. थीसिस जमा झालेला असला तरी अर्ज करता येतो. पाच वर्षं, महिना सव्वा लाख आणि वर्षाला सात लाखांचं संशोधन अनुदान, ही आपल्याकडची चांगल्यातली गोष्ट आहे. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला ३५, महिलांना पाच वर्षांची सवलत. ती पूर्वी सर्ब या सरकारी संशोधन मंडळाकडे होती, आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे. रामानुजन फेलोशिप चाळिशीच्या आत, पण ती परदेशात काम करत असलेल्यांना परत आणण्यासाठी, म्हणजे तिथून अर्ज करायचा. हंबोल्टची चार वर्षं हायडलबर्गकरांनी सांगितलीच. नियम बदलत असतात, जाहिरात निघेल तेव्हा ओळन् ओळ वाचा.

सहायक प्राध्यापक या पदाचं घड्याळ यात सगळ्यात संथ. म्हणून तो पर्याय आधी धरायची घाई नको.

आता गुणांचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत महाविद्यालयांसाठी शॉर्टलिस्टचा तक्ता आहे. पीएचडीला २५ गुण, नेट-जेआरएफला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५. पेपरला प्रत्येकी दोन, पण जास्तीत जास्त सहा. म्हणजे तीन पेपर झाले की चौथ्याला तिथे किंमत शून्य. उलट बीएस्सीला ८० टक्क्यांच्या वर असाल तर २१, साठ ते ऐंशीमध्ये असाल तर १९. बीएस्सीच्या गुणांनी पीएचडीवाल्याला मागे टाकल्याचं मी समितीत बसून बघितलं आहे. अध्यापन किंवा पोस्टडॉकला वर्षाला दोन, एकूण दहापर्यंत. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं कॉलेजपुरतं उत्तर: पोस्टडॉकने दार बंद होत नाही, वर्षाला दोन गुणांनी उघडतं. हे गुण शॉर्टलिस्टपुरते, पुढे मुलाखत. मुलाखतीत काय होतं ते तासिकावाला यांनी लिहिलं आहे. मी असहमत नाही.

२०२५ च्या जानेवारीत नव्या नियमांचा मसुदा आला आहे, त्यात हे तक्ते राहत नाहीत. अंतिम काय होतं ते बघा.

तासिकावाला

सर, आमचं बीएस्सी ५८ टक्के. १६ गुण. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर जास्त अभ्यास केला असता.

निवृत्त_मास्तर

तुमच्या पीएचडीचा विषय आणि सेटचं वर्ष मला निरोपातून कळवा. गोव्यात सेट चालते, तिकडच्या जाहिराती बघता का?

तासिकावाला

नाही बघितल्या. कळवतो सर.

बोस्टनची_बाय

मास्तर, घड्याळाचं पटलं. एक भर घालते. "पीएचडीची तारीख" म्हणजे नेमकी कुठली हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. व्हायवाची, नोटिफिकेशनची (पदवी जाहीर झाल्याच्या विद्यापीठाच्या सूचनेची) की पदवीदानाची, फॉर्ममध्ये बघा. माझ्या ओळखीत एकाने पदवीदानाची तारीख धरून निवांत बसायचं ठरवलं होतं, तिकडे व्हायवाची धरली गेली.

हायडलबर्गकर

म्हणजे क्रम असा दिसतो: सीएसआयआर आणि इन्स्पायर लगेच, सोबत हंबोल्टसाठी प्रोफेसरांना मेल. मेल पाठवताना "रिस्पेक्टेड सर" आणि सोबत पाच पानांचा सीव्ही नको. चार ओळी: मी कोण, तुमचा कुठला पेपर वाचला, मला काय करायचंय, फेलोशिप मी आणीन. शेवटची ओळ महत्त्वाची, प्रोफेसर तीच वाचतात.

अंकलेश्वरी

आणि हैदराबाद? माझं दुकान का बंद केलंत?

साखरझोप

बंद नाही केलेलं. रात्री नवऱ्यासोबत बसून ठरवलं ते असं: इन्स्पायरचा प्रस्ताव आजपासून लिहायला घ्यायचा, सीएसआयआरवर लक्ष ठेवायचं, जर्मनीत निवडक मेल करायच्या. व्हायवा झाल्यापासून सहा महिन्यांत यातलं काही हलताना दिसलं नाही तर कंपनी. आणि कंपनीत गेले तर "पोस्टडॉक मिळालं नाही म्हणून" असं स्वतःला म्हणायचं नाही. अमेरिका सध्या नाही. नवऱ्याने जे-२ चं वाचून उत्साह दाखवला होता, भाडं वाचून तो मावळला.

सासूबाई विचारताहेत की पेटंटवाल्यांना मे महिना मोकळा असतो का.

दावा_क्रमांक_एक

नसतो. पण चहा चांगला मिळतो.

हिरवा_चाफा

धागाकर्ती आणि मास्तर, माझं बॉटनीत पीएचडीचं नुकतंच नोटिफिकेशन आलं. धागा वाचून घाबरलेय. आत्ता लगेच करायचं असं काय आहे?

निवृत्त_मास्तर

आधी अभिनंदन. घाबरू नका.

विद्यापीठात जा आणि तात्पुरतं प्रमाणपत्र घ्या. त्यासोबत तुमची पीएचडी यूजीसीच्या नियमांनुसार झाल्याचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं, तेही आत्ताच मागा. सहायक प्राध्यापकाच्या अर्जात त्याच्याशिवाय नेटमधून सूट मिळत नाही, आणि अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात ते कुणालाच मिळत नाही. कोर्सवर्कची गुणपत्रिका, नोंदणीचं पत्र, व्हायवाची सूचना, पेपरच्या पहिल्या पानांच्या प्रती सोबत न्या. ज्या टेबलावर ते काम होतं तिथल्या माणसाचं नाव विचारून घ्या आणि सकाळी जा, जेवणाच्या सुट्टीआधी.

हिरवा_चाफा

उद्याच जाते. पेपरच्या प्रती साक्षांकित लागतात का?

निवृत्त_मास्तर

स्वसाक्षांकित चालतात. दोन संच न्या.